नकाशाच्या घरांतील दुभाष्या

मुंबईहून कर्जतकडे निघालेली गाडी वांगणी सोडते आणि नेरळच्या आधीं शेलू हें स्टेशन लागतें. या स्टेशनाच्या आसपास अलीकडे बहुमजली घरांच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. अशा इमारतींत बिऱ्हाड करणाऱ्या कुटुंबाला जिन्याशीं रोजचाच संबंध येतो. परंतु तो जिना आतां गवंड्याच्या हातीं जाण्यापूर्वीं संगणकाच्या पडद्यावर काढला जातो. तो काढण्यासाठीं एका भाषेंत लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या भाषेंत घडलेल्या यंत्राच्या घरांत न्यावी लागते. ती कशी न्यावयाची, आणि त्या वाटेवर काय काय बिघडूं शकतें, याचा आज थोडा विचार करूं.

नकाशे काढण्याच्या कामीं फार प्रचारांत असलेला ऑटोकॅड हा प्रोग्रॅम १९८२ सालीं प्रसिद्ध झाला. १९८६ सालीं त्याच्या पोटांत एक दुभाष्या बसविण्यांत आला. त्याची भाषा ऑटोलिस्प. जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ सालीं आंखलेल्या लिस्प भाषेचेंच हें एक रूप होय. दुभाष्याचा उपयोग उघड आहे. आरेखकानें एकेका पायरीची रेघ हातानें ओढीत बसण्याऐवजीं मजल्याची उंची सांगावी. फाईलींतील आज्ञावली पायऱ्या मोजते आणि रेघा काढून देते.

ही फाईल आंत घेण्याला 'लोड करणें' असें म्हणतात. लोड करणें म्हणजे केवळ वाचणें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः दुभाष्या फाईल वरपासून खालपर्यंत वाचतो. जेथें एखाद्या कृतीची व्याख्या दिलेली असते तेथें तो ती स्मरणांत ठेवतो. परंतु व्याख्येबाहेर जी आज्ञा सुटी लिहिलेली असेल ती त्याच क्षणीं अंमलांत आणतो. पाककृतीचें पुस्तक नुसतें उघडावें आणि चूल आपोआप पेटावी, तशांतला हा प्रकार आहे. शिवाय हें स्मरण प्रत्येक नकाशापुरतें वेगळें असतें. दुसरा नकाशा उघडला कीं तेथें फाईल पुन्हां लोड करावी लागते, किंवा ती आपोआप लोड व्हावी अशी तजवीज आधींच करून ठेवावी लागते.

लिस्पखेरीज इतर भाषांचें काय? आज विद्यार्थ्यांच्या विशेष ओळखीची भाषा म्हणजे ग्विडो व्हान रॉसम यांनीं १९९१ मध्यें प्रसिद्ध केलेली पायथन. २००२ पासून चालत आलेल्या फ्रीकॅड या विनामूल्य प्रोग्रॅममध्यें पायथनचा दुभाष्या घरांतच राहतो. ऑटोकॅडशीं मात्र पायथन बहुधा बाहेरून बोलते. विंडोजमध्यें दोन प्रोग्रॅमांनीं एकमेकांस निरोप पाठवावे यासाठीं 'कॉम' नांवाची व्यवस्था आहे, तिच्याद्वारें पायथन सांगते, "ही रेघ काढ," किंवा, "तुझ्या लिस्पला सांग कीं अमुक फाईल लोड कर." येथें निरोप दोन दुभाष्यांच्या तोंडून जातो, आणि अडचणी येथेंच उत्पन्न होतात.

पहिली अडचण पत्त्याची. विंडोजमध्यें फाईलीचा पत्ता लिहितांना मधून मधून उलटी तिरकी रेघ घालतात. परंतु पायथन आणि लिस्प या दोन्ही भाषांत या रेघेला निराळा अर्थ आहे. तिच्यापुढें रोमन लिपींतील 'एन्' हें अक्षर आलें तर दोघीही तें 'नवी ओळ' असें वाचतात. फाईल जागच्या जागीं असूनही "सांपडत नाहीं" असें उत्तर येतें, तें कित्येकदां यामुळें. त्यावर सोपा उपाय असा कीं पत्त्यांत सरळ तिरकी रेघ वापरावी. ती दोन्ही भाषांना चालते.

दुसरी अडचण अधिक गंभीर, कारण ती मुळीं तक्रारच करीत नाहीं. समजा, शेलूच्या एखाद्या इमारतींत मजल्याची उंची २९०० मिलिमीटर आहे आणि पायरीची उंची सुमारें १५० मिलिमीटर ठेवावयाची आहे. आजच्या पायथनला २९०० भागिले १५० विचारले तर १९.३३ असें उत्तर मिळतें. ऑटोलिस्पमध्यें दोन्ही आंकडे पूर्णांक असतील तर उत्तर मिळतें १९. बाकी उरलेली ती सोडून देते. चिन्ह तेंच, आंकडे तेच, अर्थ मात्र वेगळा! एकोणीस पायऱ्यांची उंची भरते २८५० मिलिमीटर. उरलेले ५० मिलिमीटर कोठें जावयाचे? तशीच आज्ञावली डोळे मिटून वापरली तर ते शेवटच्या पायरीवर पडतात आणि ती २०० मिलिमीटरांची होते. अठरा पायऱ्या एका मापानें चढलेला पाय एकोणिसावीला अडखळतो. अंधारांत, कडेवर मूल असतां, तो अडखळणें साधी गोष्ट नव्हे. शिवाय इमारत सात मजल्यांची असेल तर हीच चूक मजल्यागणिक उतरते. वास्तविक पायऱ्या वीस धराव्या आणि प्रत्येकीची उंची १४५ मिलिमीटर ठेवावी, म्हणजे हिशेब पुरा होतो. लिस्पमध्यें २९०० पुढें दशांशचिन्ह देऊन शून्य लिहिलें कीं बाकी गळत नाहीं.

तिसरा प्रश्न विश्वासाचा. २०१२ सालीं ईसेट या कंपनीनें ऑटोलिस्पमध्यें लिहिलेला एक उपद्रवी प्रोग्रॅम उघडकीस आणला. त्याचा प्रादुर्भाव मुख्यतः पेरू देशांत होता. नकाशाशेजारीं ठेवलेली त्याची फाईल नकाशा उघडतांच आपोआप लोड होई, आणि हजारों नकाशे मालकाच्या नकळत चीनमधील ईमेलच्या पत्त्यांवर रवाना झाले. पुढें २०१३ मध्यें निघालेल्या ऑटोकॅडच्या आवृत्तींत, विश्वासाच्या म्हणून नोंदविलेल्या फोल्डरांबाहेरील फाईल लोड करण्यापूर्वीं वापरणाऱ्यास विचारण्याची सोय आली. ती सूचना त्रासदायक वाटते म्हणून बंद करून ठेवणारे म्हणजे दाराची कडी काढून निजणारेच होत.

आपल्याकडे या बाबतींत एक चांगलें उदाहरण आहे. पवईच्या आय.आय.टी.मधील 'फॉसी' प्रकल्पांत ऑसडॅग हा प्रोग्रॅम तयार झाला. तो पायथनमध्यें लिहिलेला असून पोलादी बांधकामाचे जोड भारतीय मानक ८०० च्या २००७ च्या आवृत्तीप्रमाणें तपासतो. जोडाची त्रिमितीय आकृति तयार करण्यासाठीं मात्र तो ओपन कॅस्केड या सी प्लस प्लस भाषेंतील साधनाची मदत घेतो. म्हणजे गणित एका भाषेचें आणि आकृति दुसरीची. परंतु त्याचा मूळ मजकूर सर्वांना वाचावयास खुला आहे, आणि हिशेबाचा अहवालही तो छापून देतो. दुभाष्यानें काय सांगितलें हें ताडून पाहण्याची सोय तेथें आहे, हें महत्त्वाचें.

दोन भाषांची सांगड घालण्यांत वाईट असें कांहींच नाहीं. त्यानें कष्ट वांचतात. मात्र परक्याची फाईल आधीं वाचावी, मग नकाशाच्या प्रतीवर लोड करावी, आणि एका मजल्याचा हिशेब कागदावर स्वतः करून पाहावा. एवढ्यास पांच मिनिटें पुरतात. काँक्रीट ओतल्यानंतर पायरीची उंची बदलणें कोणत्याच भाषेला साधत नाहीं.