चेहरा नंतर, आधी पेशा विचारा

दोन महिन्यांचं पिल्लू कुठल्याही जातीचं असो, बघताक्षणी उचलून घ्यावंसं वाटतं. म्हणूनच निवड चेहऱ्यावरून करू नये. त्याचे खापरपणजोबा पोटापाण्यासाठी काय करत होते, ते विचारावं. पुढे घरात होणाऱ्या बऱ्याचशा धुमाकुळाचं मूळ तिथे सापडतं, आणि ते शोधताना मजाही भरपूर येते.

डोबरमनचंच बघा. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या आपोल्डा गावात डोबरमन आडनावाचे एक करवसुली करणारे गृहस्थ होते. वसुलीला जाताना सोबत दरारा असणारं कुणीतरी हवं, म्हणून त्यांनी ही जात घडवायला घेतली. मालकाला चिकटून राहणं आणि परक्यावर नजर ठेवणं तेव्हापासून त्याच्या अंगात आहे. दारात दिवसभर कुरिअरवाले येत असतील, तर त्याला पिल्लू असल्यापासूनच माणसांची सवय लावा.

डॅशहुंडचं लांबुडकं अंग आणि बुटके पाय बिळात शिरून बॅजर गाठण्यासाठी. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकचा शुभंकर ‘वाल्डी’ हा डॅशहुंडच! तो तुमच्या कुंड्या उकरणार, हे गृहीत धरा. मात्र त्याचा मणका जपावा लागतो. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर त्याला कडेवर घेऊन जिने चढायची तयारी हवी.

बीगल सशांच्या मागावर जाणारा. एकदा नाक जमिनीला लागलं की हाका ऐकू येत नाहीत. अमेरिकेतल्या विमानतळांवर सामानातली फळं आणि मांस हुंगून काढायला बीगल नेमलेले असतात. बॅगेतला हापूस त्यांच्या नाकातून सुटणं कठीण.

डाल्मेशियनची पिल्लं जन्मतः पांढरीशुभ्र असतात, ठिपके साधारण दोन आठवड्यांनी उमटू लागतात. घोडागाडीबरोबर मैलोन्‌मैल धावणाऱ्यांचा हा वंश, त्यामुळे सकाळची छोटी फेरी त्याला पुरत नाही. या जातीत जन्मजात बहिरेपणही बरंच आढळतं. पिल्लाच्या दोन्ही कानांची तपासणी झाली आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

लॅब्रॅडॉर पोटभर खाऊनही तुमच्या पोळीकडे आशेने बघतो? तो अप्पलपोटा नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की साधारण चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. त्याची भूक खरी असते, पण वाढणारं वजनही खरंच. तेव्हा आजी-आजोबांनी गुपचूप दिलेली बिस्किटंही हिशेबात धरा.

पगबद्दल मात्र कळकळीने सांगावंसं वाटतं. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत मुलामागून तुरुतुरु चालणारा पग आला आणि तो घरोघरी हवासा झाला. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून. पगचं नाक इतकं आखूड, की नेमकं तेच त्याला जड जातं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात दुपारी त्याला फिरायला नेणं जिवावर बेतू शकतं. सायबेरियात स्लेज ओढणाऱ्या हस्कीची दुहेरी लव तर बर्फासाठीच आहे. आपल्या उन्हाळ्यात हस्की आणूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘हम आपके हैं कौन’मधला टफी आठवतो? पुष्कळ जण त्याला पॉमेरेनियन समजतात, पण तो इंडियन स्पिट्झ. खरा पॉमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोंचा. स्पिट्झ त्याहून मोठा आणि आपल्या हवेत रुळलेला.

आपल्या दख्खनचा कारवानी तर माझा विशेष आवडता. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना आश्रय दिला, इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जलाही जोडी भेट दिली, म्हणून मुधोळ हाउंड हे नाव रूढ झालं. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघालं, पुढे भारतीय लष्करानेही त्याला प्रशिक्षणासाठी घेतलं. त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून ‘उपाशी ठेवता का?’ असं शेजारी विचारतील. पण तो असाच शेलाटा शोभतो. तो नजरेने शिकार करणारा. लांबवर मांजर पळताना दिसलं की निघालाच! उघड्या रस्त्यावर पट्टा सोडू नका आणि रोज कुंपण असलेल्या मैदानात मनसोक्त पळू द्या. अनोळखी हात अंगाला लागलेला त्याला आवडत नाही. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा.

एक जात तर भुंकतच नाही म्हणतात: आफ्रिकेतला बसेंजी. पण गप्पही बसत नाही, गळा काढून आळवत राहतो.

अर्थात जात म्हणजे जन्मपत्रिका नव्हे. २०२२ मध्ये अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे पडतो, असं त्यात दिसलं. म्हणून पिल्लू पाहायला जाल तेव्हा त्याची आईही दाखवायला सांगा. ती परक्यांना पाहून बिचकते की शेपूट हलवत येते, कुठल्या जागेत राहते, हे शांतपणे बघा. आई दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर तिथून पिल्लू घेऊ नका.