इन्सुलिन घरी आणताना

भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. लाखांदूरकडच्या गावांहून आणखी दूर. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला मात्र इन्सुलिन रोज लागतं. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही, आईबापांच्या चुकीनेही नाही.

सतत तहान, वारंवार लघवी, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय परत येणं, झपाट्याने घटणारं वजन: यातलं काही दिसलं की त्याच दिवशी ग्लुकोमीटरवर साखर तपासावी. उलट्या आणि खोल श्वास सुरू झाला तर तडक रुग्णालय गाठावं.

नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांच्या ‘ड्रीम ट्रस्ट’ने १९९५पासून गरीब घरांतल्या अशा मुलांना मोफत इन्सुलिन पुरवलं, हे मोठं काम आहे.

औषधाच्या दुकानात एक गोष्ट पाहाच. कुपीवर ‘४० आययू’ असेल तर लाल टोपणाची सिरिंज, ‘१०० आययू’ला नारिंगी. अदलाबदल झाली की डोस अडीचपट चुकतो, आणि मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये ठेवावी, फ्रीझरमध्ये कधीच नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यावं. फ्रिज नसेल तर वापरातली कुपी घट्ट झाकणाच्या डब्यात घालून, ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवावी.