घड्याळ कधी सुरू होते?

मागच्या रविवारी वस्तीतल्या अभ्यासिकेत बारावीच्या एका मुलीने आम्हाला विचारले, "काका, वैमानिक महिन्याला ऐंशी तासच काम करतो म्हणे. मग त्याला लाखांनी पगार कसा?" आम्ही पडलो हिशेबाचे माणूस. कचेरीत रोज आठ तास, म्हणजे महिन्याचे दोनशे तास भरतो. प्रश्न आम्हालाही टोचला. म्हणून माहिती काढली, ती वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहोत.

ऐंशीचा आकडा खोटा नाही. आपल्या देशात वैमानिकाला वर्षात १,००० तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. बाराने भागा, महिन्याला ८३ तास येतात. पण हे तास मोजायचे कसे? विमान उड्डाणासाठी जागचे हलले की घड्याळ सुरू, आणि मुक्कामी पोचून थांबले की बंद. त्याच्या आधीचे व नंतरचे काम उड्डाणाच्या तासांत येत नाही.

एक दिवस घेऊ. मुंबई ते नागपूर आणि परत, दीड-दीड तास धरा. उड्डाण झाले तीन तास. पण वैमानिक तासभर आधी हजर होतो, हवामान पाहतो, इंधन ठरवतो, विमान तपासतो. नागपुरात तासभर थांबतो, परत आल्यावर अर्धा तास कागदपत्रांत जातो. ड्यूटी झाली साडेपाच तास. त्यातच नागपुरात धुके पडून तीन तास खोळंबा झाला, तर ड्यूटी साडेआठ तास आणि उड्डाण तेवढेच, तीन तास!

आमचे एक शेजारी भिवंडीत यंत्रमागावर होते. मजुरी मीटरवर. वीज गेली की माग बंद, मजुरीही बंद; माणूस मात्र मागापाशीच उभा. दोघांच्या कमाईत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण दुखणे एकाच जातीचे.

फरक एवढाच की, वैमानिकांनी त्यावर तोड काढून घेतली. अनेक कंपन्यांत ठरावीक पगार वेगळा आणि उड्डाण भत्ता वेगळा असतो. त्या भत्त्यात किमान तासांची हमी असते; ७० तासांची हमी आपल्याकडे परिचित आहे. उड्डाण कमी झाले तरी तेवढे पैसे मिळतात, जास्त झाले तर वरचे वेगळे. मात्र ही हमी करारावर उभी असते. २०२० साली टाळेबंदीत २५ मार्चपासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमाने बंद राहिली, तेव्हा वैमानिकांच्या पगारालाही मोठी कात्री लागली.

मग तासाला एवढा मोल का? व्यावसायिक परवान्यासाठीच २०० तासांचे उड्डाण लागते, आणि शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहून वर जातो. पुढे वैद्यकीय तपासणी आणि कौशल्याची परीक्षा सारखी चालूच. तपासणीत नापास झाला की उड्डाण थांबले.

आणि थकवा? १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ विमान कोसळून ५० माणसे गेली. वैमानिकाने चुकीची हालचाल केली, हे मुख्य कारण ठरले. पण चौकशीत थकव्याची आणि सहवैमानिक तरुणीच्या तुटपुंज्या पगाराचीही चर्चा झाली. रात्रभर दुसऱ्या विमानांतून प्रवास करून ती कामावर आली होती. त्यानंतर तिथे विश्रांतीचे नियम कडक झाले. आपल्याकडे १ जुलै २०२५ पासून आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर आली. नियमांचा पुढचा टप्पा नोव्हेंबरात लागू झाला. सर्वांत मोठ्या कंपनीची तयारी अपुरी पडली आणि डिसेंबरात हजारो उड्डाणे रद्द झाली. सरकारने काही अटी तात्पुरत्या सैल केल्या. प्रवासी चिडले, ते साहजिक आहे. पण झोप न झालेल्या माणसाच्या हाती आपली लेकरे द्यायची का, हाही विचार व्हावा.

त्या मुलीला आम्ही एवढेच सांगितले : "बाई, खुशाल वैमानिक हो. पण कुठलीही नोकरी धरताना दर किती, एवढेच विचारू नकोस. घड्याळ कधी सुरू होते आणि काम नसेल तेव्हा हमी किती, हे आधी विचार. आणि सही करण्यापूर्वी कागद वाच."