मानसशास्त्राची पदवी : काय शिकाल आणि पुढे कुठे जाल?



तुम्ही मानसशास्त्र घेतले आहे असे घरी कळले की कोणीतरी हमखास विचारते, “मग सांग बरं, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?” दुसरा प्रश्न थोडा उशिरा येतो, पण तो जास्त जड असतो : “हे शिकून पुढे काय करणार?” पहिल्या प्रश्नावर हसून वेळ मारून नेता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र तुमच्याकडे दुसऱ्या वर्षापर्यंत तरी असायला हवे. या पाठात आपण तीन गोष्टी पाहू : पदवीत प्रत्यक्षात काय शिकवले जाते, त्या पदवीने काय करता येते व काय करता येत नाही, आणि पुढचे रस्ते कोणते.

१. हा विषय नेमका कशाचा?

मानसशास्त्र म्हणजे वर्तनाचा आणि मानसिक प्रक्रियांचा शास्त्रीय अभ्यास. या व्याख्येतला ‘शास्त्रीय’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली जर्मनीतील लाइपझिग येथे प्रयोगशाळा सुरू केली, ती या शास्त्राची सुरुवात मानली जाते. आपल्या देशात १९१६ साली कलकत्ता विद्यापीठात मानसशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग सुरू झाला. म्हणजे भारतात हा विषय शंभराहून अधिक वर्षे शिकवला जात आहे.

पदवीच्या अभ्यासक्रमात सर्वसाधारणपणे सामान्य, सामाजिक, विकासात्मक, अपसामान्य, बोधनिक आणि औद्योगिक मानसशास्त्र असे विषय असतात. त्यांच्या जोडीला सांख्यिकी, संशोधन पद्धती आणि प्रात्यक्षिके असतात. ‘माणसे समजून घ्यायची’ म्हणून आलेले अनेक विद्यार्थी सांख्यिकीचा तास आला की हिरमुसतात. परंतु हीच बाजू या पदवीचा कणा आहे. एका प्रात्यक्षिकातून हे पाहू.

२. एक प्रात्यक्षिक : स्ट्रूप परिणाम

एका कागदावर रंगांची नावे लिहा, पण शाई वेगळ्या रंगाची वापरा. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईने, ‘निळा’ पिवळ्या शाईने. दुसऱ्या कागदावर त्याच रंगांच्या नुसत्या पट्ट्या काढा. आता मित्राला दोन्ही कागदांवर शाईचा रंग मोठ्याने सांगायला लावा आणि वेळ मोजा. पहिल्या कागदाला जास्त वेळ लागतो, कारण वाचनाची सवय इतकी पक्की असते की शब्द न वाचणे अवघड जाते. जे. आर. स्ट्रूप यांनी १९३५ साली हा परिणाम प्रसिद्ध केला.

येथे कागदाचा प्रकार हा स्वतंत्र चल आणि लागलेला वेळ हा परतंत्र चल. आता स्वतःला काही प्रश्न विचारा. सगळ्यांना आधी अवघड कागद दिला तर? दुसऱ्या कागदाच्या वेळी झालेला सराव की आलेला थकवा, फरक कशामुळे पडला ते सांगता येणार नाही. म्हणून निम्म्या लोकांना क्रम उलटा द्यावा लागतो. पाचच जणांवर प्रयोग केला तर? मिळालेला फरक योगायोगाचा असू शकतो. तो किती शक्य आहे हे सांख्यिकी सांगते. आणि एखाद्याला जास्त वेळ लागला म्हणून तो ‘मंद’ ठरतो का? अजिबात नाही. एका मोजमापावरून माणसाविषयी निकाल देऊ नये, ही सवय लागली तर प्रात्यक्षिकाचे काम झाले.

३. चाचणी आणि भाषा

अशीच सावधगिरी मानसिक चाचण्यांबाबत लागते. परदेशात तयार झालेली चाचणी नुसती भाषांतर करून वापरता येत नाही. तिथले प्रश्न इथल्या मुलांच्या अनुभवातले नसतात आणि तिथले सरासरी गुण इथे लागू पडत नाहीत. म्हणूनच डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात स्टॅनफर्ड-बिने बुद्धिमापन चाचणीचे कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी रूपांतर केले. बिने-कामत चाचणी हे नाव तुम्हाला पुढेही भेटेल.

भाषेचा मुद्दा समुपदेशनात आणखी ठळक होतो. आपल्याकडे फार थोडे लोक “मला नैराश्य आले आहे” असे म्हणतात. ते म्हणतात, “कशात मन लागत नाही”, “जीव घाबरा होतो”, “डोकं जड झालंय”. या बोलण्यामागचे दुःख ओळखायचे तर पाठ्यपुस्तकातील संज्ञेबरोबर माणसांची बोलीही यावी लागते. तुम्ही इंदूरला शिकत असा, बेळगावला किंवा हैदराबादला, घरची भाषा आणि गावची भाषा या दोन्ही या विषयात भांडवलच आहेत.

४. पदवी म्हणजे परवाना नव्हे

हा या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तीन वर्षांच्या पदवीने कोणीही उपचार करण्यास पात्र होत नाही. संज्ञांमधला फरक नीट लक्षात ठेवा.

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात. एमबीबीएसनंतर ते या शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेतात आणि औषधे लिहून देऊ शकतात.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ निदानासाठी मूल्यमापन करतात आणि मानसोपचार देतात; औषधे देत नाहीत. या कामासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. एम. ए. नंतर दोन वर्षांचे एम. फिल. हा आजवरचा रूढ मार्ग होता. बेंगळुरूची निम्हान्स आणि रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था या त्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्था. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एम. फिल. बंद करण्याचे ठरवल्यामुळे हा ढाचा बदलत आहे. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेचे माहितीपत्रक नव्हे, तर परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहा. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमात दोन वर्षे आणि घरचे पैसे गेल्यावर नोंदणी मिळत नाही, हे कळून उपयोग नसतो.

समुपदेशक शाळा, महाविद्यालये, रुग्णालये, कुटुंब न्यायालये अशा ठिकाणी काम करतात. यासाठी सहसा पदव्युत्तर पदवी किंवा पदविका मागितली जाते. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोग कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि काही प्रकारचे समुपदेशक आपल्या कक्षेत घेतले आहेत. त्यामुळे इथेही नोंदणीचे नियम आकाराला येत आहेत.

५. मित्र तुमच्याकडे आला तर

वसतिगृहात तुम्हीच ‘मानसशास्त्रवाले’ असता. एखादी मैत्रीण रात्री येऊन म्हणते, “झोप लागत नाही. जगावंसं वाटत नाही.” तेव्हा काय कराल?

शांतपणे ऐका. अपसामान्य मानसशास्त्राच्या पुस्तकातली लक्षणे जुळवत बसू नका. “एवढं काय त्यात” असे म्हणू नका. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारायला घाबरू नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. “कोणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नका. तिला एकटी सोडू नका. वॉर्डन, महाविद्यालयाचे समुपदेशक किंवा डॉक्टर यांच्यापर्यंत स्वतः सोबत जा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, अनेक भारतीय भाषांत, मोफत बोलता येते.

उपचार न करता योग्य माणसापर्यंत पोचवणे हे कमी प्रतीचे काम नाही. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नसल्याचे आढळले. ही दरी तज्ज्ञांच्या कमतरतेमुळे आहे, तशीच लाज आणि अज्ञान यांमुळेही आहे. त्यातला दुसरा भाग कमी करायला पदवीचा विद्यार्थीही हातभार लावू शकतो.

६. इतर रस्ते

उपचाराचे क्षेत्र हा एकच रस्ता नाही.

• अध्यापन व संशोधन : पदव्युत्तर पदवी, त्यानंतर नेट किंवा सेट आणि पीएच. डी. सांख्यिकीची आवड असणाऱ्यांना येथे वाव आहे.

• उद्योग : मनुष्यबळ विभाग, कर्मचारी निवड व प्रशिक्षण, ग्राहक सर्वेक्षण, तसेच ॲप व संकेतस्थळे वापरताना लोक कुठे अडखळतात याचा अभ्यास.

• शिक्षण : बी. एड. किंवा विशेष शिक्षणातील अभ्यासक्रम. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश असल्याने अशा मुलांसोबत काम करणाऱ्यांची गरज मोठी आहे.

• समाजकार्य, कायदा, पत्रकारिता : या शाखांना जाताना मानसशास्त्राची पदवी चांगली शिदोरी ठरते.

• शासकीय सेवा : संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत मानसशास्त्र हा वैकल्पिक विषय आहे.

७. आत्तापासून काय करावे?

प्रयोगवही दुसऱ्याची उतरवू नका. आकडे स्वतः गोळा करा. संगणकावर सांख्यिकीचे एखादे मोफत सॉफ्टवेअर शिका. सुट्टीत एखाद्या विशेष शाळेत, वृद्धाश्रमात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात काही आठवडे मदतीला जा. आजारी किंवा त्रासलेल्या माणसांसोबत रोज बसणे आपल्याला झेपते का, हे पुस्तकातून कळत नाही. झेपत नसेल तर ते दुसऱ्या वर्षी कळलेले बरे. इतर रस्ते मोकळेच आहेत.

सारांश

मानसशास्त्राची पदवी मन वाचायला शिकवत नाही. माणसाविषयी एखादे विधान करण्यापूर्वी “हे कशावरून?” असे विचारायला ती शिकवते. उपचार करण्याचा अधिकार मात्र पुढील शिक्षण आणि नोंदणी यांनंतरच मिळतो.

स्वाध्याय

१. स्ट्रूपच्या प्रात्यक्षिकात क्रम बदलणे का आवश्यक आहे?
२. मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ यांच्यातील फरक सांगा.
३. तुमच्या बोलीत मनाचा त्रास सांगणारे पाच वाक्प्रयोग लिहा. त्यांपैकी किती शरीराच्या भाषेत आहेत, ते पाहा.