धावणे, वजनकाटा आणि ऑक्सिजन

आमच्या परिचयाचे एक गणिताचे शिक्षक आहेत. वय ४७, वजन ७५ किलो. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोहोचेपर्यंत त्यांना धाप लागू लागली. वर्गात शिरले की फळ्याकडे तोंड करून ते आधी श्वास सावरीत आणि मगच मुलांकडे वळत. डॉक्टरांनी रक्तातील साखर ‘काठावर’ असल्याचे सांगितले व वजन उतरवायला बजावले. तेव्हापासून गुरुजी आठवड्यातले सहा दिवस पहाटे शाळेच्या मैदानावर ४ किलोमीटर धावू लागले. सुरुवातीला त्यातले निम्मे अंतर चालतच जाई.

तीन महिन्यांनी ते आमच्याकडे आले ते हिरमुसून. वजन जेमतेम दीड किलोने उतरले होते. “एवढे धावून हेच मिळणार असेल, तर सकाळची झोप काय वाईट?” असे त्यांनी विचारले. चाळिशीनंतर धावायला सुरुवात करणारे अनेक जण नेमके याच टप्प्यावर धावणे सोडून देतात. म्हणून या प्रश्नाचा थोडा हिशेब मांडून पाहू.

खर्चाचा हिशेब

इटालियन शरीरशास्त्रज्ञ रोदोल्फो मार्गारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली धावण्याला लागणाऱ्या ऊर्जेची मोजमापे प्रसिद्ध केली. सपाट जमिनीवर धावताना शरीराच्या दर किलो वजनामागे दर किलोमीटरला सुमारे एक किलोकॅलरी खर्च होते, आणि वेग वाढवला तरी हा आकडा फारसा बदलत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे ७५ किलो वजनाच्या माणसाला ४ किलोमीटरला सुमारे ३०० किलोकॅलरी लागतात.

एक ग्रॅम तेलातून ९ किलोकॅलरी मिळतात. तेव्हा ३०० किलोकॅलरी म्हणजे सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजेच सात-साडेसात लहान चमचे तेल! शरीरात साठलेल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात. आठवड्याला १,८०० याप्रमाणे तेरा आठवड्यांत २३,४०० किलोकॅलरी खर्च होतील, म्हणजे फार तर तीन किलो चरबी. त्यातही गुरुजी सुरुवातीला बरेचसे चालत होते, आणि चालण्याला धावण्यापेक्षा कमी ऊर्जा लागते. शिवाय तो अर्धा तास ते नुसते बसून राहिले असते तरी थोडा खर्च झालाच असता. धावून आल्यावर भूक वाढते, दुपारी अंग टेकावेसे वाटते. या सगळ्याची वजाबाकी केली, तर दीड किलो हे उत्तर चुकलेले नाही. वजन उतरवण्याचे मोठे काम ताटात होते. धावण्याची त्याला मदत होते, पण एकट्या धावण्यावर भिस्त ठेवली तर निराशाच पदरी पडते.

येथे एका गैरसमजाचाही उल्लेख केला पाहिजे. धावून आल्याबरोबर वजन केले तर ते अर्धा-पाऊण किलोने कमी भरते. ते घामावाटे गेलेले पाणी असते आणि तांब्याभर पाणी प्यायले की परत येते. घाम यावा म्हणून प्लॅस्टिकचे कपडे घालून धावणारे चरबी गमावीत नाहीत. अंग तापून उष्माघात होण्याचा धोका मात्र ओढवून घेतात.

चरबी जाते कोठे?

हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. ‘तिची ऊर्जा होते’, ‘तिचा घाम होतो’ अशी उत्तरे येतील. २०१४ साली ऑस्ट्रेलियातील रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी हाच प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ व व्यायाम-प्रशिक्षक यांना विचारला, तेव्हा त्यांच्यापैकीही बहुतेकांचे उत्तर चुकले. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आठवला की ‘ऊर्जा होते’ हे उत्तर टिकत नाही. चरबीच्या सर्वसाधारण रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. त्याचे पूर्ण ज्वलन व्हायला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ५५ आणि पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. नववी-दहावीच्या मुलांनी हे समीकरण स्वतः तपासून पाहावे.

यातील अणू कोणकोणत्या वाटेने बाहेर पडतात त्याचा माग काढला, तर १० किलो चरबीपैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने आणि १.६ किलो पाण्याच्या रूपाने जाते. म्हणजे चरबीचा फार मोठा भाग आपण उच्छ्वासावाटे हवेत सोडतो.

या समीकरणाची दुसरी बाजू आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. एक किलो चरबी जाळायला सुमारे २.९ किलो ऑक्सिजन लागतो. तो फुफ्फुसांनी हवेतून घ्यायचा, हृदयाने रक्ताबरोबर पाठवायचा आणि स्नायूंतील पेशींनी वापरायचा. जोरात श्रम करताना एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरता येतो, हे शरीराच्या सक्षमतेचे एक उत्तम माप मानले जाते. वजनकाट्याला ते दिसत नाही.

पाच तरुणांची तीस वर्षे

या मापाविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांची कमाल ऑक्सिजन वापरण्याची क्षमता एक चतुर्थांशाहून अधिक घटली. नंतर सुमारे आठ आठवडे व्यायाम दिल्यावर ती मूळ पातळीच्याही वर गेली.

तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पुन्हा बोलावण्यात आले. आता ते पन्नाशीचे होते. वजने सरासरीने पाव हिश्शाने वाढली होती आणि शरीरातील चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. तरीही तीस वर्षांत क्षमतेत झालेली घट तरुणपणीच्या त्या तीन आठवड्यांच्या घटीपेक्षा कमी होती!

मग सहा महिने त्यांच्याकडून चालणे, हळू धावणे, सायकल चालवणे असा व्यायाम करवून घेतला. तो थोडाथोडा वाढवीत आठवड्याला साडेचार तासांपर्यंत नेला. अखेरीस त्यांची कमाल ऑक्सिजन-क्षमता वयाच्या विसाव्या वर्षी प्रयोगाच्या आरंभी होती तेथे परत पोहोचली. २००१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजन मात्र सरासरी चार-पाच किलोंनीच उतरले होते. पाच माणसांवरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही, हे खरे. पण गुरुजींच्या तक्रारीला यात उत्तर आहे.

हे कसे घडले? वयाबरोबर हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा खाली येते आणि ती व्यायामाने परत वर जात नाही. या पाच जणांतही पन्नाशीतील सुधारणा मुख्यतः स्नायूंकडून आली. रक्तातून अधिक ऑक्सिजन काढून घेण्याची त्यांची ताकद वाढली. पेशींमध्ये ऑक्सिजन वापरण्याचे काम तंतुकणिका करतात. धावण्याचा सराव दिलेल्या उंदरांच्या स्नायूंत तंतुकणिकांची ही क्षमता सुमारे दुप्पट होते, असे जॉन हॉलोसी यांनी १९६७ साली दाखवून दिले होते. सरावाने स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळेही दाट होते. शिवाय काम करणारा स्नायू रक्तातील साखर अधिक ओढून घेतो आणि हा परिणाम व्यायाम थांबल्यावरही काही तास टिकतो. साखर ‘काठावर’ असलेल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

करून पाहा

घड्याळ लावून मनगटाची नाडी एक मिनिट मोजा. मग नेहमीच्या वेगाने दोन मजले चढा आणि थांबल्याबरोबर पुन्हा मोजा. त्यानंतर दर मिनिटाला मोजत पाच मिनिटांचा आलेख काढा. दर पंधरा दिवसांनी त्याच जिन्यावर हेच करा. सक्षमता वाढत गेली की आलेख लवकर खाली येऊ लागतो. मधल्या वयात धावायला सुरुवात करणाऱ्यांनी आधी काही आठवडे चालावे, मग चालता चालता थोडे धावावे. बोलता येईल इतपतच वेग ठेवावा. छातीत दुखणे, चक्कर, रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

हा सगळा हिशेब ऐकल्यावर आम्ही गुरुजींना एवढेच विचारले, “वर्गात शिरल्यावर अजून फळ्याकडे तोंड करून उभे राहावे लागते का?” ते जरा थांबले. मग म्हणाले, “नाही. हल्ली दारातूनच हजेरी घ्यायला सुरुवात करतो. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.”

धावणे त्यांनी सोडले नाही. तळणीचे पदार्थ कमी केले. आणि त्यांच्या नाडीचा आलेख आता दहावीच्या वर्गातील मुले काढतात.