कॅरोटिनॉइड : भाजीतली आणि गोळीतली

गाजराचा केशरी, टोमॅटोचा लाल आणि हापूसचा पिवळाधमक रंग ज्या द्रव्यांमुळे येतो, ती कॅरोटिनॉइड. पालक, अळू, शेवग्याचा पाला यांतही ती भरपूर असतात. हिरव्या हरितद्रव्यापुढे त्यांचा रंग दिसत नाही, इतकेच. १८३१ मध्ये वाकेनरोडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने गाजरातून कॅरोटीन वेगळे केले. त्याची रचना उलगडायला पुढे शंभर वर्षे लागली. ते काम करणारे पॉल कारर १९३७ च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले.

या रेणूंचा सांगाडा बहुधा ४० कार्बन अणूंचा असतो आणि त्यात एकाआड एक दुहेरी बंधांची लांबलचक साखळी असते. रंग तिच्यामुळेच येतो आणि संरक्षणही तीच करते. भर उन्हात पानामध्ये ऑक्सिजनचे एक उत्तेजित, विध्वंसक रूप तयार होते. कॅरोटिनॉइड त्याची जादा ऊर्जा स्वतःकडे घेते आणि उष्णतेच्या रूपाने सोडून देते. यात रेणू सहसा खर्ची पडत नाही, पुन्हा त्याच कामाला लागतो. टोमॅटोतले लायकोपीन यात विशेष तरबेज आहे.

माणसाचे शरीर कॅरोटिनॉइड बनवू शकत नाही, ती अन्नातूनच मिळतात. डोळ्याच्या दृष्टिपटलावर, जिथे नजर सर्वांत तीक्ष्ण असते, तिथला पिवळा ठिपका म्हणजे पालेभाज्या, मका, अंड्याचा बलक यांतून आलेली ल्युटीन आणि झियाझँथिन. ती निळा प्रकाश शोषून घेतात.

कॅरोटिनॉइड दाह कमी करतात का, याबाबत मात्र सावधपणे बोलावे लागते. प्रयोगशाळेतल्या पेशींत कॅरोटिनॉइड एनएफ-कप्पा-बी या दाह भडकवणाऱ्या प्रथिनाला आवर घालतात. ज्यांच्या रक्तात ती जास्त, त्यांच्यात दाहाची खूण असलेले सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन बहुधा कमी आढळते. पण अशी माणसे एकूणच भाज्या-फळे जास्त खातात, धूम्रपान कमी करतात. मग श्रेय नेमके कोणाला द्यायचे?

याचे उत्तर गोळीतून मिळेल, असे वाटले होते. फुप्फुसाचा कर्करोग टळतो का, हे पाहण्यासाठी फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातल्या कॅरोटीनचा मुख्य प्रकार, दिले गेले. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली अशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. धुराने पोळलेल्या फुप्फुसात मोठ्या मात्रेतले बीटा-कॅरोटीन स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन अपाय करत असावे, असा एक खुलासा दिला जातो.

भाजीतून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइडबाबत असा धोका आढळलेला नाही. ती तेला-तुपात विरघळतात, म्हणून स्निग्धांश नसेल तर आतड्यातून फारशी शोषली जात नाहीत. शिजवल्याने पेशींच्या भिंती फुटतात आणि लायकोपीन सुटे होते. त्यामुळे फोडणीत परतलेला टोमॅटो कच्च्या फोडीपेक्षा सरस ठरतो, गाजराच्या कोशिंबिरीवरची तेलाची फोडणीही वाया जात नाही. सिगारेट-विडी ओढणाऱ्यांनी मात्र बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नयेत.