फसवून घेतलेला शब्द

वर्गात मी दरवर्षी मुलांना एक प्रश्न विचारतो. समजा, कोणी खोटं बोलून तुमच्याकडून वचन घेतलं आणि ते खोटं पुढे उघडकीला आलं. तर वचन पाळायचं की नाही? बहुतेक मुलं ताडकन ‘नाही’ म्हणतात. मग मी त्यांना गिबोनकरांची हकिगत सांगतो. तीच आज तुमच्यापुढे ठेवावी म्हणतो.

गिबोन हे यरुशलेमच्या वायव्येस नऊ-दहा किलोमीटरांवरचं एक डोंगरी नगर. तिथले लोक इस्राएली नव्हते. जुन्या करारात एका ठिकाणी त्यांना हिव्वी म्हटलं आहे, तर दुसऱ्या ठिकाणी अमोरी. यहोशवाच्या पुस्तकात अशी कथा आहे की, इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडून आले आणि एकामागून एक नगरं त्यांच्या हाती पडू लागली. गिबोनकरांनी ओळखलं की आता आपली पाळी. त्यांनी लढाई केली नाही, सोंग आणलं. ठिगळं लावलेल्या वहाणा, फाटलेले बुधले, बुरसलेल्या भाकरी असा सरंजाम घेऊन त्यांचे वकील छावणीत आले आणि म्हणाले, ‘आम्ही फार दूर देशाहून आलो आहोत. आमच्याशी तह करा.’ यहोशवाने तह केला, सरदारांनी देवाच्या नावाने शपथ घेतली. तीन दिवसांनी कळलं की हे लोक तर अगदी शेजारचे!

लोक चिडले, सरदारांवर कुरकुरू लागले. पण सरदारांनी सांगितलं, आम्ही शपथ घेतली आहे, आता यांच्या केसालाही धक्का लावता येणार नाही. गिबोनकर वाचले, मात्र त्याची किंमत त्यांना द्यावी लागली. देवस्थानासाठी लाकडं फोडायची आणि पाणी भरायचं, हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या माथी आलं. पुढे पाच अमोरी राजे त्यांच्यावर चालून आले, तेव्हा यहोशवा रातोरात कूच करून त्यांच्या मदतीलाही धावला.

फसवून घेतलेल्या शपथेचा एवढा धाक कशासाठी? त्या काळी तह दोन माणसांत होत असला, तरी त्याला साक्षी देव असत. हित्ती राजांच्या तहनाम्यांत साक्षीदार देवांच्या लांबलचक याद्याच आढळतात. शपथ मोडली तर गुन्हा घडे तो देवाचा, आणि त्याची शिक्षा साऱ्या देशाला भोगावी लागे. इ. स. पूर्व चौदाव्या शतकातल्या मुर्शिली नावाच्या हित्ती राजाच्या प्रार्थना मातीच्या विटांवर लिहिलेल्या सापडल्या आहेत. देशात वर्षानुवर्षं साथीने माणसं मरत होती, आणि त्याचं एक कारण त्याला उमगलं ते असं, की आपल्या वडिलांनी मिसरशी केलेला तह मोडला होता.

गिबोनकरांच्या कथेतही नेमकं हेच घडतं. शौल राजाने त्यांची कत्तल केली. इस्राएलच्या कैवारापोटी केली, असं ग्रंथच सांगतो. पुढे दावीदाच्या राज्यात तीन वर्षं दुष्काळ पडला, आणि दोष निघाला तो या रक्ताचा. दावीदाने गिबोनकरांना विचारलं, तुमची भरपाई कशी करू? त्यांनी सोनं-रुपं मागितलं नाही. शौलाच्या वंशातले सात पुरुष मागितले. दावीदाने ते दिले. योनाथानाच्या मुलाला मात्र त्याने वगळलं, कारण योनाथानालाही त्याने शब्द दिला होता. त्या सातांत रिस्पा नावाच्या बाईचे दोन मुलगे होते. सातूच्या कापणीपासून पाऊस पडेपर्यंत ती खडकावर गोणपाट अंथरून बसली. दिवसा पाखरं, रात्री श्वापदं हाकलीत राहिली. एक शब्द मोडला, त्याचा हिशेब अखेर या आईच्या पदरी आला.

आता जमिनीचा पुरावा पाहू. एल-जीब हे गाव म्हणजेच गिबोन, हा एडवर्ड रॉबिन्सन यांचा 1838 सालचा तर्क. 1956 ते 1962 या काळात जेम्स प्रिचर्ड यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा रांजणांच्या कानांवर ‘गिबोन’ हे नावच कोरलेलं मिळालं. द्राक्षारस साठवण्याची खडकात खोदलेली 63 तळघरं मिळाली. आणि आपल्याकडच्या बारवेची आठवण व्हावी अशी एक प्रचंड विहीर मिळाली. खोली सुमारे 25 मीटर. कडेने वळत वळत उतरणाऱ्या 79 पायऱ्या. ज्यांना ग्रंथाने पाणके म्हटलं, त्यांच्या गावात पाण्याची ही अशी अपूर्व सोय!

यहोशवाच्या काळी तिथे मोठं नगर होतं, असं दाखवणारे अवशेष मात्र या उत्खननात मिळाले नाहीत. त्या सुमाराची थडगी तेवढी मिळाली. त्यामुळे पुष्कळ अभ्यासक ही कथा बऱ्याच नंतर लिहिली गेली असं मानतात. देवस्थानात परके लोक सेवेला कसे, याचा उलगडा करण्यासाठी ती रचली असावी, असंही म्हणतात. तसं असेल तरी एक गोष्ट उरतेच. रचणाऱ्यांनी आपल्याच पूर्वजांची फसगत लपवली नाही, आणि आपल्याच राजाचा अपराधही लपवला नाही.

शेवटी नहेम्याच्या पुस्तकातली एक नोंद पाहा. इ. स. पूर्व पाचव्या शतकात यरुशलेमचा पडका तट पुन्हा बांधला गेला. कोणी कुठला भाग बांधला, याची तिथे यादी आहे. तीत मलत्या नावाचा एक गिबोनकर आहे. परक्यांच्या गावचा हा माणूस आता शहराचा तट बांधायला उभा आहे.

मुलं हे ऐकून गप्प होतात. कोणी म्हणतो, ‘सर, पण खोटं बोलले ते गिबोनकरच ना?’ मी म्हणतो, खरं आहे. खोटं त्यांचं होतं. पण शब्द दिला तो दुसऱ्यांनी. आणि दुबळ्याजवळ दुसऱ्याच्या शब्दावाचून दुसरं काय असतं?